पूर्वजांचे कागद सांभाळा

ज्या समाजाला आपला इतिहास ठाऊक नाही तो समाज इतिहास घडवू शकत नाही, असे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. त्यावर टाळ्याही पडतात. परंतु सभा संपल्यावर त्याच सभेतील एखाद्या तरुणास विचारावे, की बाबा रे, तुझ्या पणजोबांचे नाव काय? ते कोणत्या गावी राहिले, कोणाच्या शेतात राबले, त्यांनी गावकी केव्हा सोडली, बुद्धाला शरण जाण्याचा निर्णय घरात प्रथम कोणी बोलून दाखविला? शंभरांत पाच जणांनाही याचे उत्तर देता येईल की नाही, याची शंका वाटते. बाबासाहेबांच्या चरित्रातील तारखा आपल्याला मुखोद्गत आहेत आणि त्या असल्याच पाहिजेत. पण ज्या माणसांनी बाबासाहेबांचा शब्द मानून गावाचा रोष पत्करला, ती माणसे आपल्याच घरातली होती. त्यांच्याविषयी आपण काय जाणतो?

वाचकहो, हा लेख याच प्रश्नासाठी आहे. भूम तालुक्यातील आणि एकंदर धाराशिव जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांनी आपल्या आजोबा-पणजोबांचा शोध जुनी पत्रे, सरकारी दप्तरे आणि स्थानिक इतिहास यांच्या साह्याने घ्यावा आणि तो आताच घ्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. १९५६ साली जो तरुण विशीत होता तो आज हयात असल्यास नव्वदीच्या घरात आहे. त्याच्या खाटेखालची पत्र्याची पेटी अद्याप शाबूत आहे, पण ती किती दिवस राहील हे सांगता येत नाही. म्हातारा माणूस गेला की पेटी उघडली जाते, भांडी-कपडे वाटून घेतले जातात आणि कागद चुलीत किंवा उकिरड्यावर जातात. हे आपल्या वस्त्यांतून रोज घडते आहे.

दप्तर कोणी लिहिले?

आपल्या पूर्वजांविषयीचे कागद दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले. पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर, जमिनीची पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पोलीस पाटलाचे अहवाल हे सारे या प्रकारात येतात. ते लिहिणाऱ्याला आपल्या पणजोबांचे चरित्र लिहावयाचे नव्हते. सारा कोणाकडून यावयाचा, येसकराची पाळी कोणाची, सरकारी अंमलदार गावी आला तर त्याचे ओझे कोणी वाहावयाचे, एवढ्यापुरताच त्याचा आपल्या माणसाशी संबंध होता. म्हणून अशा दप्तरात माणूस सापडतो तो बहुधा देणेकरी म्हणून, चाकर म्हणून किंवा आरोपी म्हणून. त्याचे नावदेखील सरळ लिहिलेले नसते. कोंडिबाचा ‘कोंड्या’ आणि धोंडिबाचा ‘धोंड्या’ झालेला असतो. स्त्रीचे तर नावच नसते. अमक्याची बायको, तमक्याची विधवा, एवढ्यावर तिची बोळवण होते.

जातीच्या रकान्यातील गोंधळ तर याहून मोठा आहे. निजामी अमलातील उर्दू कागदांत ‘कौम’ या रकान्यात आपल्या माणसापुढे ‘महार’ असेलच असे नाही. ‘धेड’ हा अपमानकारक शब्द हैद्राबादी दप्तरांत सर्रास आढळतो. पुढे भाग्यरेड्डी वर्मा यांच्या चळवळीमुळे १९३१ च्या हैद्राबाद खानेसुमारीत ‘आदि-हिंदू’ हे नाव आले. त्यानंतरच्या कागदांत कोठे ‘हरिजन’, कोठे ‘अनुसूचित जाती’, १९५६ नंतर ‘नवबौद्ध’ आणि शेवटी ‘बौद्ध’. एकाच घराला चार पिढ्यांत सहा-सात नावे मिळाली. त्यांतील अखेरचे तेवढे आपण स्वतः घेतले. बाकीची बहुतेक दुसऱ्यांनी चिकटविलेली. संशोधन करणाऱ्याने ही सारी नावे ध्यानात धरूनच रकाने चाळावेत. केवळ एकाच नावाने शोध घेणारा मनुष्य हाती आलेला कागदही बाजूला ठेवून देईल.

भूमचा कागद कसा वाचावा?

भूमचा भाग १९४८ सालापर्यंत हैद्राबाद संस्थानात होता, ही गोष्ट पुण्या-साताऱ्याकडच्या पुस्तकांवरून संशोधन शिकणाऱ्यास प्रथम समजून घ्यावी लागते. जिल्ह्याचे नावही बदलत गेले. पूर्वी नळदुर्ग, मग उस्मानाबाद आणि २०२३ पासून धाराशिव. संस्थानात सगळा मुलूख सारख्या कारभाराखाली नव्हता. दिवाणी, सर्फ-इ-खास, पायगा आणि जहागीर असे त्याचे भाग होते. जहागिरीच्या गावाचे दप्तर जहागीरदाराच्या कचेरीत राही. त्या जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या. तेव्हा आपले गाव कोणत्या मुलखात मोडत होते, हे आधी गावातील जाणत्यांकडून आणि तहसिलीतून ठरवून घ्यावे. नाही तर चुकीच्या कपाटापुढे महिने जातील.

त्यानंतर तारीख. हैद्राबादी कागदावर फसली सन असते आणि महिन्यांची नावे आझूर, बहमन, तीर, मेहेर अशी फारसी असतात. हे वर्ष ऑक्टोबराच्या सुमारास सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९० आणि पुढील महिन्यांच्या तारखेत ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. रक्कमही सांभाळून वाचावी. ‘हाली’ म्हणजे संस्थानचा रुपया आणि ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी रुपया. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार रुपये पडत. आजोबांनी सावकाराकडून काढलेले कर्ज हाली होते की कलदार, हे न पाहता केलेला हिशेब चुकतो.

लिपीचा अडसर सर्वांत मोठा वाटतो, पण तो दिसतो तितका दुर्घट नाही. गावपातळीवरचे जुने कागद पुष्कळदा मोडीत आहेत. संस्थानच्या कचेऱ्यांचे कागद १८८० च्या दशकापासून फारसीऐवजी उर्दूत होऊ लागले. मोडी चार-सहा महिन्यांच्या अभ्यासाने वाचता येते. उर्दूसाठी फार दूर जावयास नको. आपल्याच गावातील मुसलमान मोहल्ल्यात उर्दू शाळेत शिकलेला एखादा वृद्ध शिक्षक असतो. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘साकिन’ म्हणजे राहणार, ‘पेशा’ म्हणजे धंदा, हे चार शब्द तो पहिल्याच दिवशी शिकवील. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ज्या जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वांत अधिक अत्याचार झाले त्यांत पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबादचा समावेश केला होता, हे विसरून चालणार नाही. त्या दिवसांत आपल्या आजोबांनी कोणाला आसरा दिला, कोणाच्या भीतीने ते शिवारात लपले, यांच्या आठवणी दोन्ही वस्त्यांत आहेत. त्या एकमेकांसमोर बसूनच पुऱ्या होतील.

मराठवाड्यातील कुळांना आणि शेतकऱ्यांना एक कागद विशेष परिचित आहे, तो म्हणजे १९५४-५५ चे खासरा पत्रक. त्या वर्षी प्रत्यक्ष जमीन कोण कसत होते, याची नोंद त्यात सापडते. त्याच्या मागे सेतवार, पुढे फेरफाराच्या नोंदी आणि सातबारा. आपल्या घराण्याकडे हाडोळ्याची जमीन होती, असे म्हातारी माणसे सांगतात. ती कोणत्या गटात होती आणि केव्हा, कशी हातची गेली, हे या कागदांच्या माळेवरून कळू शकते. येथे एक सूचना करावीशी वाटते. महार वतनाविषयी बोलताना आपले कार्यकर्ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याचा हवाला देतात. तो कायदा जुन्या मुंबई राज्याच्या भागासाठी होता. मराठवाड्यात इनामांचा प्रश्न हैद्राबादच्या १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याच्या आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांच्या वाटेने गेला. भूमचा माणूस सोलापूरच्या कायद्याचे कलम घेऊन तहसिलीत गेला तर हात हलवीत परत येणार.

स्थानिक इतिहासातील मौन

दप्तरानंतर छापील इतिहास. उस्मानाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने १९७२ साली प्रसिद्ध केले. पाऊस, पिके, बाजार, किल्ले आणि देवळे यांची माहिती अशा ग्रंथांत भरपूर मिळते. भूम म्हटले की अलमप्रभूचे देवस्थान, तालुक्यातील कुंथलगिरीचे जैन तीर्थ आणि शेजारचा परंड्याचा किल्ला, एवढ्यावर बहुतेक स्थानिक इतिहास थांबतात. देवळाच्या पायऱ्या कोणी घडविल्या, किल्ल्याच्या तटाला दगड कोणी वाहिला, बाजाराच्या दिवशी दवंडी कोण देत असे, हे त्यात नाही. अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८ साली महार समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० साली निजामाच्या राज्यातील जातीजमातींचे वर्णन केले. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. हे ग्रंथ वाचावेतच, कारण त्यांत येसकर, तराळ, बलुते यांचे तपशील आहेत. पण ते तपशील बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावेत.

आपल्या बाजूचा लेखी इतिहास मुळीच नाही, असे मात्र नव्हे. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. भूम, कळंब, परंडा या भागांतून त्या परिषदेस कोण कोण गेले? पायी गेले की बैलगाडीने? परत आल्यावर गावात काय घडले? परिषदेची तारीख इतिहासात नोंदली गेली, पण गेलेल्या माणसांची नावे घराघरांत विखुरलेली आहेत. तुमच्या घरी ‘आमचा म्हातारा तडवळ्याला गेला होता’ असे कोणी म्हणत असेल, तर ते वाक्य आजच तारखेसह लिहून ठेवा आणि दुसऱ्या घरातील आठवणीशी ताडून पाहा.

याखेरीज चळवळीची पत्रे आहेत. ‘मूकनायक’ १९२० चे, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चे, ‘जनता’ १९३० चे, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ चे. त्यांच्या अंकांतील अग्रलेख आपण वाचतो, पण गावोगावची वृत्ते, तक्रारी आणि वर्गणीच्या पोची यांवरून नजर फिरवून पुढे जातो. ज्याला आपला पूर्वज शोधावयाचा आहे त्याने नेमके तेच बारीक टाइपातील मजकूर वाचावेत. चार आणे वर्गणी देणाऱ्याचे नाव त्या काळी मोठ्या अभिमानाने छापले जाई. निजामाच्या हद्दीतील समाजाची हकीकत हवी असल्यास पी. आर. व्यंकटस्वामी यांनी १९५५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला हैद्राबादच्या दलित चळवळीचा इतिहास पाहावा. तो चळवळीत राबलेल्या माणसाने लिहिला आहे.

पत्रांचे मोल

आता दुसऱ्या प्रकारचे कागद, म्हणजे आपल्या माणसांनी स्वतः लिहिलेले किंवा लिहवून घेतलेले. हे थोडे आहेत आणि म्हणूनच त्यांचे मोल फार. मराठवाड्यातला तरुण गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला गेला, तेथून त्याने कार्ड पाठविले. औरंगाबादेस १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. तेथे खेड्यांतून आलेल्या पोरांनी वसतिगृहातून घरी पत्रे लिहिली. १९७२ च्या दुष्काळात भूम-परंड्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे जगावयास बाहेर पडली, तेव्हा मागे राहिलेल्या आईबापांना मनीऑर्डरी आल्या. मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे. त्या दोन ओळींत ‘खुशाल आहे’ एवढेच लिहिलेले असले तरी त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तारीख पाहा. तुमचे आजोबा त्या महिन्यात कोठे होते, हे दुसरा कोणताही कागद सांगणार नाही.

अशी पत्रे वाचताना एक गोष्ट विसरू नये. पाठविणाऱ्यास पुष्कळदा लिहिता येत नसे आणि ज्याला पाठविले त्याला वाचता येत नसे. चाळीतल्या एखाद्या शिकलेल्या माणसाने लिहिले आणि गावातल्या मास्तराने वाचून दाखविले. त्यामुळे चौघांसमोर सांगण्यासारखे तेवढेच पत्रात आले. उसने पैसे, नवराबायकोचा तंटा, मुकादमाचा मार, या गोष्टी पत्राबाहेर राहिल्या. म्हणून पत्रात जे नाही तेही विचारावे. दर महिन्याला येणारे पैसे चार महिने का आले नाहीत? थोरल्या भावाचे नाव एका वर्षानंतर एकाएकी का गळाले? पत्राच्या माथ्यावर पूर्वी ‘रामराम’ लिहिणारा माणूस कोणत्या साली ‘जय भीम’ लिहू लागला? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा झाली, पण ती तुमच्या घरी केव्हा पोहोचली, हे त्या माथ्यावरच्या दोन शब्दांवरून कळते. खानेसुमारी सांगते की, आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली २,४८७ बौद्ध होते आणि १९६१ साली २७,८९,५०१. एवढा मोठा पालट दहा वर्षांत झाला आणि त्यातला प्रत्येक जण कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी घरात ‘मी बौद्ध’ असे म्हणाला. खानेसुमारीला तो दिवस ठाऊक नाही. तुमच्या पेटीला ठाऊक असू शकेल.

घरच्या कागदांतून मोठा इतिहास उभा राहतो, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. महाडच्या १९२७ च्या परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचे आत्मकथन अपुरे राहिले होते. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी ते जपले आणि वडिलांचे पुढचे आयुष्य स्वतः जुळवून चरित्र पुरे केले. मुंबईच्या गोदीत नोकरी केलेल्या दामोदर रुंजाजी जाधव यांनी वृद्धपणी मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी वहीत उतरविल्या. त्यांतून नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ साली निघाले. स्त्रियांच्या बाबतीत मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव, चाळीचाळींत फिरून चळवळीतील बायांच्या मुलाखती घेतल्या नसत्या तर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा १९८९ चा ग्रंथ झालाच नसता. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाइल्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या ओव्यांच्या संग्रहात त्या जमा झाल्या. भूमच्या आजीला पत्र लिहिता आले नसेल, पण तिची ओवी हे तिचे पत्रच आहे. ते टिपून घ्या.

‘मेलेले का उकरता?’

येथे आमचे काही बंधू हरकत घेतील. ते म्हणतील, आपण जात सोडली, जुने नाव सोडले, गावकी सोडली. आता पुन्हा त्या ‘कोंड्या’ आणि ‘धोंड्या’च्या नोंदी का उकराव्यात? तथागतांनी जन्मावरून माणसाची किंमत करू नये असे सांगितले. मग वंशावळीचे हे वेड बौद्धाला कशाला?

हरकत प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. जन्मावरून श्रेष्ठत्व मिरविण्यासाठी वंशावळ काढणे हे बौद्धाला शोभत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण आपण टाकून दिली ती जात. जातीचा भार वाहिलेली माणसे आपण टाकलेली नाहीत. त्यांच्या नावाचा अपभ्रंश दप्तरात राहिला म्हणून त्यांना तेथेच सोडून यावयाचे काय? ज्याने दप्तर लिहिले त्याचा शब्द मग अखेरचा ठरतो. नोंदीत ‘कोंड्या’ असेल तर आपल्या वहीत ‘कोंडिबा’ लिहा आणि शेजारी मूळ नोंदही जशीच्या तशी ठेवा. पुढच्या पिढीला दोन्ही समजली पाहिजेत.

शिवाय हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. आपल्या हक्कांचा दरवाजा आजही याच कागदांच्या चावीने उघडतो. अनुसूचित जातींची यादी १० ऑगस्ट १९५० रोजी निघाली. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचा पुरावा त्या तारखेच्या मागे न्यावा लागतो. धर्मांतरितांना राज्याच्या सवलती महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० पासून मिळू लागल्या आणि केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे आज बौद्ध विद्यार्थ्याला आपला हक्क मागण्यासाठी आजोबांच्या शाळेचा किंवा जन्ममृत्यूचा तोच कागद पुढे करावा लागतो, ज्यावर आपण सोडून दिलेली जात लिहिलेली आहे. ही विसंगती कडू आहे. पण पडताळणी समितीसमोर कडवटपणा उपयोगी पडत नाही, तेथे उतारा लागतो. आजोबांचे आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे आणि धर्मांतरानंतर तिसरेच असे असेल, तर ती तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यास घरातील जुने पत्र उपयोगी येऊ शकते.

जमिनीचेही तसेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरान कसले, त्यापायी मार खाल्ला, दंड भरला. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासननिर्णयांनी जुनी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली, तेव्हा पुरावा म्हणून काय मागण्यात आले? अतिक्रमणाच्या नोंदवहीतील, म्हणजे गाव नमुना एक-ई मधील नोंद आणि दंडाच्या पावत्या. ज्या म्हाताऱ्याने दंडाची पावती लाज वाटून फाडली नाही, पेटीत जपून ठेवली, त्याच्या नातवाला ती उपयोगी पडली. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. म्हणून कोणताही कागद निरुपयोगी आहे, असे पाहिल्याबरोबर ठरवू नये.

खोट्या मोठेपणाचा मोह

शोध घेणाऱ्यास आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. पूर्वजांचा शोध लागू लागला की त्यांना राजे, सरदार, किल्लेदार करण्याचा मोह होतो. बिदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली, ही कथा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा म्हणून तिचे महत्त्व आहे. आपला हक्क दानाचा नसून पराक्रमाचा आहे, अशी आपल्या पूर्वजांची भावना तीत आढळते. पण कथेला दस्तऐवज म्हणू नये. भीमा कोरेगावच्या स्तंभाकडे पाहा. तेथे कोरलेल्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. या एका प्रत्ययावरून ते वीर महार होते हे निश्चित करता आले. कोणी दंतकथा रचावी लागली नाही, दगडावरचे अक्षर नीट वाचले एवढेच. तीच रीत आपण ठेवावी. तुमचे पणजोबा सरदार नव्हते, भूमच्या बाजारात ओझी वाहत होते, असे निघाले तर तसेच लिहा. ओझी वाहून त्यांनी एका मुलाला शाळेत घातले असेल, तर त्यापुढे कोणत्या सरदारकीची मातब्बरी आहे?

आता काय करावे?

कागद नाहीसे होण्याची कारणे पुष्कळ आहेत. वाळवी आहे, पाऊस आहे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. घर जळते तेव्हा घरातले पत्रही जळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने याच जिल्ह्यातील लोहारा-उमरग्याकडची घरे मातीत गाडली. जे उरले आहे ते आपल्या हयगयीने जाऊ नये.

सरकारी दप्तर उघडत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा निजामी काळातील कागद बाहेर काढण्यात आले, मोडी आणि उर्दू जाणणारे लावण्यात आले आणि हैद्राबादपर्यंत शोध झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैद्राबाद गॅझेटियरच्या आधारे निर्णयही काढला. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. शासनाने मनात आणले तर निजामाचे दप्तर वाचता येते. मग त्याच दप्तरातील येसकरांच्या, बलुतेदारांच्या, हाडोळ्याच्या नोंदीही वाचून, त्यांची छायाचित्रे काढून प्रत्येक तहसिलीत खुल्या ठेवाव्यात, ही मागणी आपण का करू नये? ती आपण एकमुखाने केली पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येक घराने आपले काम करावे. पेटीतील कागद उन्हात न टाकता सावलीत झटकावेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि त्याच्या प्रती दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात. मूळ कागद कोणाही पाहुण्या संशोधकाच्या हाती देऊ नये, प्रत द्यावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपासून आरंभ करावा, कारण लग्नामुळे तिला दोन गावांची आठवण असते. तिने सांगितलेले नाव शाळेच्या रजिस्टरात पाहावे, रजिस्टरातील साल खासऱ्याशी ताडावे. तहसिलीत आणि भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मागावी आणि टाळाटाळ झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. त्यापुढचे दप्तर छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात आणि हैद्राबादेस तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात पाहावे. एकट्याला हे जड जाईल. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात दोन मुले मोडी आणि दोन मुले उर्दू शिकतील, अशी व्यवस्था व्हावी आणि विहाराच्या कपाटात गावच्या घराण्यांची एक वही असावी.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा बहुतेक सारी वस्ती एकत्र बसते. येत्या वर्षावासात वाचन संपल्यावर रोज एका घराने आपल्या पेटीतला एक कागद आणावा आणि तो सर्वांसमोर वाचावा. भूम तालुक्यातील एका विहाराने जरी हा पायंडा पाडला, तरी आश्विन पौर्णिमेपर्यंत त्या गावच्या आपल्या माणसांचा इतिहास लिहावयास घेण्याइतके साहित्य हाती आलेले असेल.